लिनक्सवर बंद केलेल्या नेटवर्क सेवा प्रत्येक बूटला परत का येतात आणि त्यांना कसे थांबवावे

तक्रार साधारणपणे अशी असते. उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी लिनक्सचे एखादे वितरण असलेल्या संगणकावर नको असलेली एखादी नेटवर्क सेवा, म्हणजे पार्श्वभूमीवर चालून जाळ्यातील विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्राम, बंद केली जाते, ती खरोखर बंद झाल्याची खात्रीही करून घेतली जाते, आणि पुढच्या बूटनंतर ती पूर्वीसारखीच चालू असलेली आढळते. कोकण किनारपट्टीवर हा प्रकार लवकर लक्षात येतो, कारण मृगाचा पाऊस सुरू झाला की लाईट दिवसातून अनेकदा जाते, लहान इन्व्हर्टर संगणकाचा भार फार वेळ ओढत नाही, आणि शहरातील कार्यालयात महिनोन्‌महिने न होणारे रीबूट येथे एका आठवड्यात होऊन जातात.

उदाहरणासाठी देवगड-मालवण पट्ट्यात सर्रास दिसणारी मांडणी घेऊ. बागायतदाराचे घर आहे. पुढच्या खोलीत पेट्यांचा हिशेब, पावत्या आणि लेबले यांसाठी एक संगणक आहे व त्याला यूएसबीने जोडलेला प्रिंटर आहे. मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन-तीन खोल्या आहेत. आणि या सगळ्यांना मिळून एकच राउटर आहे. पाहुणे ज्या वाय-फायवर येतात त्याच जाळ्यात हिशेबाचा संगणकही असतो, त्यामुळे पाहुण्याच्या मोबाइलवर छपाईच्या यादीत बागायतदाराचा प्रिंटर दिसतो आणि लॅपटॉपवर हिशेबाचे फोल्डर दिसते. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क करणे हा उपाय अवश्य करावा. तथापि तो केल्याने संगणकावर कोणाला नको असलेल्या सेवा चालू राहण्याचे कारण नाहीसे होत नाही, आणि राउटर बदलला किंवा रीसेट केला की तो उपायही सोबत जातो. म्हणून येथे फक्त संगणकाच्या बाजूचा विचार केला आहे.

खालील सर्व कमांड वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात.

आधी कोण ऐकत आहे ते पाहावे

कोणतीही सेवा बंद करण्यापूर्वी कोणते पोर्ट (नेटवर्कवरून विनंत्या येण्याचे क्रमांकित दार) उघडे आहेत आणि ते कोणत्या प्रक्रियेकडे आहेत, हे पुढील कमांडने पाहावे.

सुडो एसएस -टीयूएलपीएन

येथे सुडो आवश्यक आहे, कारण त्याशिवाय इतर वापरकर्त्यांच्या प्रक्रियांची नावे दिसत नाहीत आणि यादी अर्धवट राहते. मिळालेल्या यादीत स्थानिक पत्त्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या ओळीत १२७.०.०.१ किंवा १२७ ने सुरू होणारा दुसरा पत्ता आहे, ती सेवा फक्त त्याच संगणकापुरती ऐकत असते आणि बाहेरून कोणीही तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. ज्या ओळीत ०.०.०.०, तारांकित चिन्ह किंवा चौकटी कंसातील दोन विसर्ग दिसतात, ती सेवा संगणकाच्या प्रत्येक नेटवर्क जोडणीवर ऐकत असते. आपल्याला काळजी आहे ती या दुसऱ्या प्रकाराची. पुष्कळ जण यादीत ५३ क्रमांकाचे पोर्ट पाहून घाबरतात, परंतु ते बहुधा १२७.०.०.५३ या पत्त्यावर असते, ते सिस्टमडी-रिझॉल्व्हड या नाव शोधणाऱ्या सेवेचे असते, आणि ते बंद केल्यास ब्राउझरमध्ये एकही संकेतस्थळ उघडणार नाही. त्याला हात लावू नये.

वर वर्णन केलेल्या संगणकावर सहसा पुढील गोष्टी सापडतात. यूडीपी ५३५३ वर (यूडीपी आणि टीसीपी हे पोर्टचे दोन प्रकार) अवाही-डेमन असते, जे स्थानिक जाळ्यात प्रिंटर आणि इतर सेवांची जाहिरात करते व इतरांच्या जाहिराती ऐकते. यूडीपी ६३१ वर कप्स या छपाई व्यवस्थेसोबतचे कप्स-ब्राउझ्ड असू शकते. टीसीपी १३९ व ४४५ वर एसएमबीडी आणि यूडीपी १३७ व १३८ वर एनएमबीडी, म्हणजे सांबा या फोल्डर शेअर करणाऱ्या सर्व्हरचे दोन भाग असतात. उबुंटू आणि मिंटच्या डेस्कटॉपवर ते मुळात चालू नसतात, पण कोणीतरी एकदा फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘शेअर’ निवडलेले असते, तेव्हा फाइल मॅनेजरने सांबा बसवून घेतलेला असतो आणि त्या दिवसापासून तो प्रत्येक बूटला सुरू होत असतो. १११ वर आरपीसीबाइंड दिसल्यास बहुधा एनएफएसची (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाची डिस्क वापरण्याची पद्धत) साधने कधीतरी बसवलेली असतात. २२ वर एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची सेवा, असते.

बूटपासून सर्व सेवा सुरू करण्याचे व सांभाळण्याचे काम सिस्टमडी हा प्रोग्राम करतो, प्रत्येक सेवेची त्याच्याकडील नोंद म्हणजे युनिट, आणि त्याची कमांड सिस्टमसीटीएल. प्रक्रियेचा क्रमांक हाती आला की तो थेट सिस्टमसीटीएलला द्यावा, म्हणजे ती प्रक्रिया कोणत्या युनिटची आहे हे कळते. उदाहरणार्थ, क्रमांक ८१२ असेल तर:

सिस्टमसीटीएल स्टेटस ८१२

प्रक्रियेच्या नावावरून युनिटचे नाव अंदाजाने ठरवू नये. दोन्ही नेहमी सारखी नसतात.

या यादीत दोन प्रकारच्या ओळी गोंधळात टाकतात. पहिल्या प्रकारात पोर्टचा मालक म्हणून सिस्टमडी आणि प्रक्रिया क्रमांक १ दिसतो. याचा अर्थ मूळ सेवा कदाचित चालूही नाही, पण तिच्या वतीने सिस्टमडी स्वतः पोर्टवर बसलेला आहे. दुसऱ्या प्रकारात पोर्ट उघडे दिसते परंतु प्रक्रियेचा रकाना कोरा असतो, सुडो वापरूनही. तेथे पोर्ट थेट कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, असते. २०४९ वरील एनएफएस सर्व्हर आणि वायरगार्ड हे व्हीपीएन ही याची नेहमीची उदाहरणे आहेत. अशा वेळी प्रक्रिया शोधत बसण्यात अर्थ नाही, ती सुविधा चालू करणारे युनिट शोधावे लागते.

थांबवणे, डिसेबल करणे आणि मास्क करणे

या तीन क्रियांत पूर्ण फरक आहे, आणि तक्रारींपैकी मोठा भाग त्यांची गल्लत झाल्यामुळे उद्भवतो.

स्टॉप ही क्रिया सेवा आत्ता थांबवते. पुढच्या बूटविषयी ती काहीही सांगत नाही. डिसेबल ही क्रिया नेमकी उलट आहे. सेवा एनेबल असते तेव्हा /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या फोल्डरखाली मल्टी-यूजर.टार्गेट.वॉन्ट्स अशा नावाच्या उपफोल्डरमध्ये तिच्या युनिट फाइलकडे नेणारी एक सिमलिंक असते. डिसेबल ती सिमलिंक काढून टाकते, एवढेच. चालू असलेली सेवा त्यामुळे थांबत नाही. दोन्ही एकत्र हवे असतील तर:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ एसएमबीडी.सर्व्हिस एनएमबीडी.सर्व्हिस

किल कमांडने प्रक्रिया मारणे हा यातील सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. अनेक युनिट फाइलींत रीस्टार्टची ओळ असते, आणि सिस्टमडीने स्वतः न थांबवलेली प्रक्रिया अशी संपली की त्या ओळीनुसार तो काही क्षणांत ती पुन्हा उभी करू शकतो. सिस्टमसीटीएल स्टॉपने थांबवल्यास ही ओळ लागू होत नाही.

मास्क ही तिसरी क्रिया सर्वांत कडक आहे. ती युनिटच्या नावाची सिमलिंक थेट /डेव्ह/नल या नेहमी रिकाम्या असणाऱ्या फाइलकडे वळवते, त्यामुळे ते युनिट कोणीही, कोणत्याही वाटेने सुरू करू शकत नाही. स्वतः प्रशासकही आधी अनमास्क केल्याशिवाय करू शकत नाही. हाताशी असलेले हे सर्वांत जड हत्यार असल्याने ते आधी उचलण्याचा मोह होतो. तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतील.

जुन्या मार्गदर्शिकांत चेककॉन्फिग किंवा अपडेट-आरसी.डी या कमांड आणि एस व के अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइलींचे फोल्डर सांगितलेले आढळतील. ती पद्धत सिस्टम-व्ही इनिटची होती. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने २०१४ मध्ये आणि डेबियन ८ व उबुंटू १५.०४ यांनी २०१५ मध्ये सिस्टमडी स्वीकारल्यापासून ती मुख्य पद्धत राहिलेली नाही.

डिसेबल करूनही सेवा परत येते तेव्हा

मूळ प्रश्न येथे आहे. डिसेबल केल्याने ‘बूटच्या वेळी ही सेवा आपणहून सुरू करू नये’ एवढेच ठरते. दुसऱ्या कोणी तिला बोलावले तर ती येते, आणि हे बोलावणारे शोधल्याशिवाय समस्या सुटत नाही.

सर्वांत फसवे बोलावणे दुसऱ्या सेवेच्या युनिट फाइलमधून येते. वरील संगणकावर अवाही-डेमन डिसेबल केले, रीबूट केले, आणि ५३५३ पुन्हा उघडे दिसले, असे समजू. स्टेटसमध्ये अवाही डिसेबल आहे असे लिहिलेले असते आणि त्याच्याच खालच्या ओळीत ते चालू आहे असेही लिहिलेले असते. या दोन ओळी परस्परविरोधी वाटतात, पण नाहीत. कप्स-ब्राउझ्डची युनिट फाइल उघडून पाहावी:

सिस्टमसीटीएल कॅट कप्स-ब्राउझ्ड.सर्व्हिस

तिच्यात रिक्वायर्स या शब्दापुढे कप्स.सर्व्हिस आणि वॉन्ट्स या शब्दापुढे अवाही-डेमन.सर्व्हिस व नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट आढळते. म्हणजे कप्स-ब्राउझ्ड एनेबल असेपर्यंत ते प्रत्येक बूटला कप्सला, अवाहीला आणि ‘नेटवर्क पूर्ण जोडले गेले’ या टप्प्याला सोबत ओढून आणणार. अवाही कितीही वेळा डिसेबल केले तरी यात फरक पडत नाही. उपाय अवाहीवर करायचा नसून कप्स-ब्राउझ्डवर करायचा आहे.

कप्स-ब्राउझ्डचे काम जाळ्यातील दूरचे प्रिंटर शोधून त्यांच्या रांगा आपोआप तयार करणे हे आहे. ज्या घरात एकच प्रिंटर आहे आणि तोही यूएसबीने जोडलेला आहे, तेथे त्याचा काहीही उपयोग नाही. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेली या संशोधकाने उघड केलेल्या त्रुटींची मालिका याच सेवेपासून सुरू होत होती: ६३१ या यूडीपी पोर्टवर आलेल्या एका पॅकेटवर विश्वास ठेवून कप्स-ब्राउझ्ड हल्लेखोराचा खोटा प्रिंटर यादीत घालत असे, आणि त्या प्रिंटरवर कोणी छपाई पाठवली की हल्लेखोराची कमांड संगणकावर चालवली जाऊ शकत असे. वितरणांनी त्यावर दुरुस्त्या दिल्या आहेत. तरीही जी सेवा लागतच नाही तिच्या दुरुस्तीची वाट पाहण्यापेक्षा ती काढून टाकणे अधिक शहाणपणाचे आहे.

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउझ्ड.सर्व्हिस

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ अवाही-डेमन.सॉकेट अवाही-डेमन.सर्व्हिस

एखाद्या सेवेला कोण ओढत आहे हे सर्वसाधारणपणे शोधायचे असेल तर पुढील दोन कमांड उपयोगी पडतात. पहिली अवलंबित्वाची साखळी उलट दिशेने दाखवते, दुसरी तीच माहिती थोडक्यात देते.

सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स अवाही-डेमन.सर्व्हिस

सिस्टमसीटीएल शो -पी वॉन्टेडबाय -पी रिक्वायर्डबाय -पी ट्रिगर्डबाय अवाही-डेमन.सर्व्हिस

या दोन्ही कमांड सिस्टमडीने त्या वेळी स्मृतीत घेतलेल्या युनिट्सपुरतेच उत्तर देतात. त्यांतून काही हाती न लागल्यास /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम आणि /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या दोन्ही फोल्डरांत ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने सेवेचे नाव शोधावे.

दुसऱ्या प्रकारचे बोलावणे सॉकेटमधून, म्हणजे सेवेच्या वतीने सिस्टमडीने उघडून ठेवलेल्या दारातून, येते. काही सेवांसोबत त्याच नावाचे सॉकेट युनिट असते. सेवा झोपलेली असते, आणि कलमांच्या बागेत माचाणावर बसलेला राखणदार हाक ऐकून मालकाला उठवतो त्याप्रमाणे सिस्टमडी पोर्टवर पहिली विनंती येताच सेवा उठवतो. आरपीसीबाइंड याचे चांगले उदाहरण आहे. फक्त आरपीसीबाइंड.सर्व्हिस थांबवली तर १११ हे पोर्ट उघडेच राहते, एवढेच की त्याचा मालक आता क्रमांक १ ची प्रक्रिया दिसते. उबुंटूने २२.१० पासून एसएसएचही याच पद्धतीने सुरू करण्यास आरंभ केला, त्यामुळे नव्या उबुंटूवर केवळ एसएसएच.सर्व्हिस डिसेबल करून २२ बंद होईलच असे नाही. चालू असलेली सर्व सॉकेट युनिट्स आणि ती कोणाला उठवतात हे असे पाहता येते:

सिस्टमसीटीएल लिस्ट-सॉकेट्स

उपाय सरळ आहे: सॉकेट आणि सेवा या दोन्हींची नावे एकाच कमांडमध्ये द्यावीत. स्टॉप देताना सिस्टमसीटीएल अनेकदा ‘ही सेवा थांबवत आहे, पण तिला उठवणारी युनिट्स अजून चालू आहेत’ अशा अर्थाची सूचना देऊन त्यांची नावेही छापते. ती सूचना वाचली जात नाही, एवढीच अडचण आहे. कप्सच्या बाबतीत तर सॉकेटसोबत एक पाथ युनिटही असते, जे कप्सच्या कॅशे फोल्डरातील एका खुणेच्या फाइलवर लक्ष ठेवते. आणि कप्सचे सॉकेट नेटवर्क पोर्टवर नसून संगणकातल्या एका स्थानिक फाइलवर असते, म्हणून एखाद्या प्रोग्राममध्ये छपाईची खिडकी उघडली तरी थांबवलेले कप्स जागे होऊ शकते.

आपल्या उदाहरणात मात्र कप्स बंद करायचे नाही. लेबले आणि पावत्या त्यावरच अवलंबून आहेत, आणि मूळ मांडणीत ते ६३१ या टीसीपी पोर्टवर फक्त स्वतःच्या संगणकापुरते ऐकते. पाहुण्यांना प्रिंटर दिसण्याचे कारण कप्सचे अस्तित्व हे नसून प्रिंटर शेअर करण्याचा पर्याय चालू असणे हे आहे, आणि तो असा बंद होतो:

सुडो कप्ससीटीएल --नो-शेअर-प्रिंटर्स

हे करूनही मोबाइलवर प्रिंटर दिसत राहिला तर प्रिंटरला स्वतःचे वाय-फाय आहे का ते पाहावे. असल्यास तो स्वतःच जाळ्यात आपली जाहिरात करत असतो आणि संगणकावर काहीही बंद केल्याने ती थांबणार नाही. ते प्रिंटरच्या मांडणीत जाऊन करावे लागते. याच संदर्भात एक सावधगिरी. प्रिंटर वाय-फायवर असेल तर अवाही बंद करण्यापूर्वी एलपीस्टॅट -व्ही ही कमांड चालवून त्याचा पत्ता पाहावा. पत्ता डीएनएसएसडी या शब्दाने सुरू होत असेल तर प्रिंटर शोधण्यासाठी अवाहीच लागते, आणि ते बंद केल्यावर छपाई बंद पडेल. ऐन मे महिन्यात, ट्रक दारात उभा असताना हे कळणे बरे नव्हे. राउटरमध्ये प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता देऊन, त्या पत्त्यावर आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलने रांग नव्याने तयार करून, मगच अवाही थांबवावे.

तिसरे बोलावणे डी-बसवरून, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना संदेश पाठवतात त्या वाहिनीवरून, येते. डेस्कटॉपवरील एखादा प्रोग्राम डी-बसवर एका नावाची मागणी करतो आणि सिस्टमडी त्या नावामागची सेवा सुरू करतो. याचा छडा लॉगमध्ये लागतो. जर्नलसीटीएल -बी चालवून त्यात ‘ॲक्टिव्हेटिंग’ हा शब्द शोधल्यास कोणत्या प्रक्रियेने ती मागणी केली, तिचे नाव आणि क्रमांक त्याच ओळीत मिळतात.

एवढ्यानेही उत्तर मिळाले नाही तर सेवा सिस्टमडीच्या नेहमीच्या मार्गाबाहेरून सुरू होत असावी. जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट असल्यास सिस्टमसीटीएल स्टेटसच्या ‘लोडेड’ या ओळीत ‘जनरेटेड’ असे दिसते. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सेवा) ॲट-रीबूट अशी ओळ असू शकते, किंवा /ईटीसी/आरसी.लोकल ही फाइल चालवण्यायोग्य ठेवलेली असू शकते. पोर्ट लॉगिन केल्यावरच उघडत असेल तर ती सेवा वापरकर्त्याच्या सत्राची आहे. ती सिस्टमसीटीएल --यूजर या रूपात किंवा वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील .कॉन्फिग/ऑटोस्टार्टमध्ये शोधावी. १७१६ वर ऐकणारे, मोबाइल संगणकाशी जोडणारे केडीई कनेक्ट हे असेच सत्रासोबत येते. डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) वापरात असेल तर रीस्टार्ट धोरण ‘ऑलवेज’ असलेले कंटेनर डॉकरसोबत प्रत्येक बूटला उठतात, आणि त्यांनी उघडलेली पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर पोहोचतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यासाठी डॉकर अपडेट --रीस्टार्ट=नो या कमांडपुढे कंटेनरचे नाव द्यावे.

बूट रेंगाळत असेल तर

लाईट आली की राउटर आणि संगणक एकाच वेळी सुरू होतात. राउटरला तयार व्हायला संगणकापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे तार जोडलेली असूनही आयपी पत्ता मिळत नाही आणि संगणक वाट पाहत राहतो. ही वाट पाहण्याचे काम नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन ही सेवा करते. पहिलीची मर्यादा सहसा ६० सेकंद आणि दुसरीची १२० सेकंद असते.

या सेवा डिसेबल करण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो, आणि साध्या डेस्कटॉपवर तो चुकीचाही नाही. परंतु आधी सिस्टमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन चालवून पाहावी. ब्लेम ही भावंड कमांड फक्त कोणत्या सेवेला किती वेळ लागला ते सांगते. तिच्या यादीत सर्वांत वर असलेली सेवा बूट अडवत होतीच असे नाही, कारण ती इतरांसोबत समांतर चालत असू शकते. नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हा टप्पा मुळात कोणी मागितला तरच बूटमध्ये येतो. आपल्या उदाहरणात तो कप्स-ब्राउझ्डने मागितलेला होता, आणि ते डिसेबल केल्यावर दुसरा कोणी मागणारा नसेल तर वाट पाहण्याचे कारणच उरत नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कांच्या यादीत, नेटवर्कवरील डिस्क असेल तर मात्र हा टप्पा लागतो, आणि तेथे वेट-ऑनलाइन बंद केल्यास डिस्क कधी जोडली जाईल तर कधी नाही, अशी आणखी त्रासदायक समस्या गळ्यात पडते.

मास्क केव्हा आणि कसे

बोलावणारा सापडला, पण तो स्वतः आवश्यक असल्याने काढता येत नाही, अशा स्थितीत मास्क योग्य ठरते. बोलावणाऱ्याच्या युनिट फाइलमध्ये वॉन्ट्स असेल तर मास्क केलेली सेवा न मिळताही तो सुरू होतो. रिक्वायर्स असेल तर तोही अपयशी ठरतो. कप्स मास्क केले आणि कप्स-ब्राउझ्ड एनेबल ठेवले तर प्रत्येक बूटला लॉगमध्ये अपयशाची नोंद पडत राहील. म्हणून मास्क करण्यापूर्वी युनिट फाइलमधील नेमका शब्द पाहणे टाळू नये.

काही जण मास्कऐवजी सिस्टमसीटीएल एडिटने पूरक फाइल तयार करून तीत वॉन्ट्सची ओळ रिकामी ठेवतात. याने काही होत नाही. सिस्टमडीमध्ये पूरक फाइलने अवलंबित्व वाढवता येते, कमी करता येत नाही. ते कमी करायचे असेल तर एडिटला --फुल हा पर्याय देऊन संपूर्ण युनिट फाइलची प्रत /ईटीसी मध्ये घ्यावी लागते आणि ओळ तिच्यातून पुसावी लागते. त्याची किंमत अशी की पुढे पॅकेजच्या नव्या आवृत्तीत युनिट फाइल सुधारली गेली तरी संगणक आपली जुनी प्रतच वापरत राहतो. अशी प्रत असलेले युनिट नंतर मास्क करू गेल्यास फाइल आधीच अस्तित्वात आहे असा दोष येतो, कारण मास्कची सिमलिंकही त्याच जागी बसायची असते. आधी ती प्रत हलवावी.

मुलगा चाकरमानी म्हणून मुंबईत आहे आणि गावच्या संगणकाची देखभाल तिथून एसएसएचने करतो, ही व्यवस्थाही कोकणात नवीन नाही. त्याने हे काम करताना एक खबरदारी घ्यावी. सेवा थांबवण्यापूर्वी ती ठरावीक वेळाने पुन्हा सुरू होईल अशी सोय करून ठेवावी:

सुडो सिस्टमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=१५मिन सिस्टमसीटीएल स्टार्ट एसएसएच.सर्व्हिस

जोडणी तुटली तर पंधरा मिनिटांनी सेवा परत येते. सर्व ठीक असेल तर हा टायमर रद्द करावा. हा टायमर रीबूटनंतर टिकत नाही आणि मास्क केलेल्या सेवेवर चालत नाही, हे लक्षात ठेवावे, म्हणजे आधी स्टॉप करून पाहणे, मग डिसेबल, असा क्रम आपोआप पाळला जाईल. उलट प्रसंगी, म्हणजे एखाद्या सेवेमुळे बूटच पूर्ण होत नसेल आणि समोर कोणी माणूस बसलेला असेल, तर त्याला ग्रबच्या, म्हणजे बूट सुरू होतानाच्या मेनूच्या, पडद्यावर ई दाबून, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सिस्टमडी.मास्क= आणि त्यापुढे सेवेचे पूर्ण नाव लिहून, कंट्रोल आणि एक्स दाबायला सांगावे. त्या एका बूटपुरती ती सेवा मास्क राहते.

अपडेटनंतर पुन्हा दिसू लागल्यास

डेबियन आणि उबुंटूवर सर्व्हर असलेले पॅकेज बसवताच त्याची सेवा एनेबल होते आणि सुरूही होते. फेडोराच्या कुळात प्रीसेट फाइलींत (कोणत्या सेवा आपोआप एनेबल करायच्या याची यादी) परवानगी असल्याशिवाय तसे होत नाही. नेहमीच्या अपडेटमध्ये डेबियन आपण केलेले डिसेबल जपतो. पॅकेज पर्ज करून, म्हणजे मांडणीच्या फाइलींसह काढून, पुन्हा बसवले, किंवा नव्या आवृत्तीत युनिटचे नाव बदलले अथवा एका सेवेच्या दोन झाल्या, तर ही नवी युनिट्स एनेबल स्थितीत येतात. त्यामुळे वितरणाची आवृत्ती वाढवल्यानंतर यादी पुन्हा पाहणे आवश्यक ठरते.

जी सेवा कधीच लागणार नाही तिचे पॅकेज काढून टाकणे हा माझ्या मते डिसेबल आणि मास्क या दोन्हींपेक्षा स्वच्छ मार्ग आहे. सांबाचा सर्व्हर काढल्याने दुसऱ्याचे शेअर केलेले फोल्डर पाहण्यात अडचण येत नाही, कारण ते काम वेगळ्या लायब्ररीचे आहे. त्याचप्रमाणे एनएफएसची चौथी आवृत्ती वापरणाऱ्याला आरपीसीबाइंड लागत नाही. मात्र एपीटी ही पॅकेज बसवणारी-काढणारी कमांड काढायच्या पॅकेजांची जी यादी दाखवते ती पूर्ण वाचूनच होकार द्यावा. अवाही काढताना तिच्यासोबत डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज किंवा छपाईचे भाग जाणार असतील तर नकार देऊन डिसेबलवर थांबावे.

शेवटची तपासणी बाहेरून करावी. बदल करण्यापूर्वी एसएस कमांडचे उत्तर एका फाइलमध्ये आणि रीबूटनंतरचे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवून डिफने त्यांची तुलना करावी. रीबूटनंतर लॉगिन करून, एकदा ब्राउझर उघडून, एक लेबल छापून, मगच दुसरी फाइल घ्यावी, कारण सॉकेट आणि डी-बसवरून येणाऱ्या सेवा वापर सुरू झाल्यावरच जाग्या होतात. त्यानंतर पाहुण्यांच्या वाय-फायवर दुसरा लॅपटॉप जोडून त्यावरून एनमॅप हे उघडी पोर्ट शोधणारे साधन चालवावे. टीसीपीची सर्व पोर्ट तपासायला फार वेळ लागत नाही; यूडीपीची तपासणी संथ असते, म्हणून तेथे १११, १३७, १३८, ६३१, ५३५३ आणि ५३५५ एवढीच नावाने द्यावीत. ५३५५ अजूनही उघडे आढळल्यास ते सिस्टमडी-रिझॉल्व्हडच्या एलएलएमएनआर या स्थानिक जाळ्यातील नावे शोधण्याच्या सुविधेचे असते, आणि रिझॉल्व्हड.कॉन्फ या फाइलमध्ये एलएलएमएनआर=नो अशी ओळ घालून ती सेवा रीस्टार्ट केली की तेही बंद होते.